तीनपैकी दोनदा

मास्तरचे कान ठणठणीत निघाले आणि तिला बसल्या जागी घाम फुटला. शनिवारची दुपार होती, दवाखान्यात पेशंट नव्हते. नवीन यंत्र खोक्यातून निघून दोनच दिवस झाले होते आणि ते नीट चालतंय का हे पाहायला तिला एखादं हक्काचं माणूस हवं होतं. मास्तर, म्हणजे तिचा नवरा, शाळेतून परस्पर आला, मुलांच्या वह्यांची पिशवी बाहेरच्या बाकावर टेकवली आणि काचेच्या खोलीत जाऊन शहाण्या मुलासारखा बसला. बावीस वर्षं ती लोकांचे कान तपासत होती. जाड दाराची, समोर काच आणि बाकी भिंतींना आतून स्पंज लावलेली ती एवढीशी खोली, पेशंटच्या कानांवर हेडफोन, आणि बारीकसा आवाज ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. बटण होतं, पण म्हाताऱ्या माणसांचा अंगठा बटणावर बसला की उठत नाही, म्हणून ती बोटच वर करायला लावायची. आवाज कमी करत न्यायचा, मग हळूच वाढवायचा. आणि एकदा बोट वर झालं म्हणून लगेच कागदावर खूण करायची नाही. तोच आवाज पुन्हा द्यायचा, पुन्हा द्यायचा, आणि तीनपैकी दोनदा बोट वर झालं तरच ते ऐकू आलं असं धरायचं, कारण माणसं नुसत्या अंदाजानेही बोटं वर करतात. मास्तरने अंदाज केला नाही. तिने आवाज इतका खाली नेला की यंत्रच बिघडलंय की काय असं तिला वाटायला लागलं, तरी काचेपलीकडे डोळे मिटून बसलेल्या मास्तरचं बोट दर वेळी सावकाश वर जात राहिलं. कागदावरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरच्या वर सरळ गेली. विशीतल्या पोराचीही इतकी सरळ येत नाही.

आता नवऱ्याचे कान चांगले निघाले तर बायकोचा जीव भांड्यात पडायला हवा. तिचा मात्र हातातच राहिला. कारण गेली सात वर्षं ती मनाशी एकच गोष्ट घट्ट धरून होती, की मास्तरला कमी ऐकू येतं. आठ वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं. त्यानंतर वर्षभर दोघांनी तो विषय काढला नाही, आणि मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी घासता घासता, मास्तरकडे पाठ असताना, ती म्हणाली होती, "आपण परत एकदा बघूया का?" नळ चालू होता. मास्तर चार फुटांवर टेबलाशी बसून मुलांनी भरलेले नकाशे तपासत होता. त्याने काहीच उत्तर दिलं नाही. ती पातेल्याचा तळ घासत राहिली, त्यात तिला स्वतःचं तोंड दिसेपर्यंत, आणि मग नळ बंद करून वळली तेव्हा मास्तर मान खाली घालून लाल पेन्सिल चालवत होता. त्याला ऐकू गेलं नाही, तिने ठरवलं. नळाचा आवाज, शिवाय वर्गातल्या साठ पोरांचा गोंगाट रोज सहा तास, कान जाणारच. एकदा ठरवलं की पुरावे काय, पायलीला पन्नास मिळतात. हाक मारली तरी येत नाही, म्हणजे ऐकू येत नाही. पेपरातून डोकं काढत नाही, म्हणजे ऐकू येत नाही. मुळात तिला प्रत्येक गोष्ट तीनदा म्हणायची सवय होतीच. "दूध संपलंय. दूध संपलंय म्हटलं. मास्तर, दूध संपलंय रे!" तो धंद्याचा गुण होता. त्यात आता नवऱ्याच्या काळजीची भर पडली आणि आवाजही वाढला. शेजारीण जिन्यात भेटली की विचारायची, "संपलं का हो दूध?" पण ते एक वाक्य तिने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. काही वाक्यं माणसाच्या तोंडून एकदाच निघतात. मास्तरला ऐकू गेलं नाही एवढ्या एका आधारावर ती त्याच्याशेजारी झोपत होती, त्याच्या शर्टांची बटणं लावत होती, त्याच्यावर जीव टाकत होती. आणि त्या शनिवारी तिने स्वतः बोलावून, स्वतः खोलीत बसवून, स्वतःच्या हाताने ती सरळ रेघ ओढून घेतली होती. इतकी खात्री होती तिला, की आपण काय तपासतोय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मास्तर बाहेर आला. हेडफोनमुळे त्याचे केस दोन्ही बाजूंनी चपटे झाले होते. "काय बाईसाहेब, पास का नापास?" त्याने विचारलं. तिने कागद पालथा घातला आणि म्हणाली, "थोडं कमी आहे." "किती?" "थोडं. उजवा जास्त." बावीस वर्षांत तिने कुणालाही खोटं सांगितलं नव्हतं, रडणाऱ्या आयांना नाही की हट्टी आजोबांना नाही, आणि हे मात्र घसा खाकरावा इतक्या सहज निघून गेलं. मास्तर बाकावर बसला. वह्यांची पिशवी त्याने मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली.

त्या दिवसापासून मास्तर ऐकायला लागला. ती बोलायला लागली की टीव्ही बंद करायचा. जेवताना खुर्ची सरकवून तिच्या उजव्या हाताला येऊन बसायचा, म्हणजे त्याचा डावा, त्याच्या मते बरा असलेला कान तिच्या बाजूला येई. ती दवाखान्यातली एखादी गंमत सांगायची तेव्हा तो तिच्या ओठांकडे पाहायचा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहायचा तसा, आणि मध्येच विचारायचा, "मग तो म्हातारा काय म्हणाला?" सोळा वर्षांच्या संसारात तिला असं सुख मिळालं नव्हतं, आणि ते चोरीचं होतं. तिकडे सासूबाईंनी कानात घालायला कोमट करायच्या तेलाची बाटली पाठवली. नणंद फोनवर रडली. "वहिनी, दादाला सांगू नका मी रडले म्हणून, पण बरं होईल ना हो?" ती म्हणाली, बरं होईल. मन खात होतं, पण रोज संध्याकाळी खुर्ची सरकल्याचा आवाज आला की ते गप्प व्हायचं. मग एक दिवस मास्तर दोन तिकिटं घेऊन आला. वीस वर्षं तो फळ्यावर खडूने प्रवाळाची बेटं काढून दाखवत होता, मधे हिरवं बेट, भोवती गोल कडं, मधलं पाणी निळं, आणि स्वतः कधी गुडघाभर समुद्रातही उतरला नव्हता. "बघून तर घेऊच," तो म्हणाला, "पण ऐकूनही घेऊ. ऐकू येतंय तोवर."

आणि आता ती पाण्यावर पालथी तरंगत होती. तोंडात रबराची नळी, डोळ्यांवर काच, पायांत बदकासारखे रबरी पंजे, आणि उजव्या हातात मास्तरचा डावा हात. खाली प्रवाळ होतं. ते असं असेल असं फळ्याने कधी सांगितलं नव्हतं. दगडाचं होतं आणि दगडासारखं नव्हतं, झाडाचं होतं आणि झाडासारखं नव्हतं. कुठे फिकट जांभळ्या फांद्या, कुठे अक्रोडासारखे सुरकुतलेले भलेमोठे गोळे, कुठे पिवळ्या झालरी, आणि सगळ्यावर वरून आलेला उजेड जाळ्यासारखा सरकत होता. मासे दोघांच्या अंगावरून खुशाल जात होते, ओळख ना पाळख. एक चपटा निळा मासा तिच्या काचेपर्यंत आला, तिला नीट पाहून घेतलं आणि निघून गेला. तिला वाटलं, आपण पाहतोय असं नाही, आपण आठवतोय. असंच कुठेतरी आपण आधी होतो. श्वास नळीतून आत यायचा आणि बाहेर जायचा, आणि त्याचा आवाज इतका जवळून येत होता की तो आपलाच आहे यावर विश्वास बसत नव्हता. इथे कुणी कुणाला हाक मारू शकत नव्हतं. कुणी ऐकलं, कुणी नाही ऐकलं, हा हिशोबच नव्हता. हाताला हात होता, बस. खोटं बोलायलाही इथे जागा नव्हती आणि खरं बोलायलाही. तिने मास्तरचा हात दाबला, त्याने उलट दाबला. किती दिवस असं राहता येईल, तिच्या मनात आलं, आणि पाणी तिला हळूहळू झुलवत राहिलं. पाचव्या महिन्यात बाळाला ऐकू यायला लागतं. हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं, आणि म्हणून त्या वेळी ती दवाखाना बंद करताना, जिना उतरताना, केस विंचरताना त्याच्याशी बोलायची. काहीबाही. आज कोण आलं होतं, कुणाच्या कानात वाटाणा सापडला. त्याला ते कसं ऐकू येत असेल? असंच असणार. सगळीकडून पाणी, आणि दूर कुठेतरी कुणीतरी. बाळ बारा-तेरा दिवसच ऐकत होतं. एवढ्यात त्याने काय ऐकलं असेल, वाटाण्याचीच गोष्ट ऐकली असेल, असं मनात येऊन तिला नळीत हसू आलं आणि डोळ्यांवरच्या काचेला आतून धुकं धरलं.

मग तिला तडतड ऐकू आली. गरम तव्यावर मीठ टाकल्यावर येते तशी, बारीक आणि न थांबणारी, खालून, बाजूने, सगळीकडून. ती दचकली नाही. हेही आधीपासून चालूच होतं आणि आपलं आत्ता लक्ष गेलं, असं तिला वाटलं. पण मास्तरचा हात तिच्या हातातून सुटला. तिने मान वळवून पाहिलं तर तो तिच्याकडे तोंड करून, काचेआड डोळे विस्फारून तरंगत होता, आणि त्याने पाण्याबाहेर हात काढून बोट वर केलं होतं. हात खाली आला. पुन्हा वर गेला. काचेच्या खोलीत बसल्यावर करायचा अगदी तसाच, सावकाश. तो तिला सांगत होता की मला काहीतरी ऐकू येतंय. तिसऱ्यांदा हात वर गेला तोच पाण्यातून इंजिनाची घरघर आली. निघताना बोटवाल्याने दोघांना उभं करून बजावलं होतं, "अंगठा आणि बोट जुळवून गोल केलंत तर सगळं ठीक. हात वर केलात तर मी येणार. उगाच कुणी हात वर करायचा नाही." बोट आली, बोटवाल्याने मास्तरला बगलेत धरून पोत्यासारखं वर ओढलं, आणि मागोमाग तिलाही.

"काय झालं? पाय आखडला?"

"नाही हो," मास्तर धापा टाकत म्हणाला, "ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

"तडतड."

बोटवाल्याने आधी मास्तरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अहो, मी काय सांगितलं होतं? हात वर म्हणजे बुडतोय! तेही तीन-तीनदा. माझ्या तोंडचं पाणी पळालं की हो इकडे." तो पुटपुटत मागे इंजिनाशी जाऊन बसला. ती हसायला लागणार होती. त्या दोघांखेरीज अख्ख्या समुद्रात ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. पण मास्तर हसत नव्हता. त्याचे ओठ निळे पडले होते. तो तिच्याजवळ सरकला, डावा कान तिच्याकडे करून, आणि हळू म्हणाला, "हे तेच ना? तूच सांगायचीस, कान जायला लागले की आत आवाज येतात. तडतड, शिट्टी, काहीबाही."

"मलाही आलं," ती म्हणाली. "सगळ्यांना येतं. समुद्राचा आवाज आहे तो."

"कोळंबीएवढा जीव असतो एक," मागून बोटवाला म्हणाला. "नांग्या वाजवतो. लाखांनी असतात खाली. येणारा प्रत्येक माणूस विचारतो."

मास्तरने सुटकेचा श्वास सोडला. टॉवेलने तोंड पुसलं. पण टॉवेल तोंडावरच धरून तो म्हणाला, "पण पुढे कधी आतून आला, तर मला कळणार कसं, की हा बाहेरचा नाही? रात्री मी पडून तेच करतो. पंख्याचा आवाज येतोय का बघतो. तुझ्या श्वासाचा येतोय का बघतो. तू झोपल्यावर." हे तिला ठाऊक नव्हतं. दोन महिने हा माणूस शेजारी पडून आपला श्वास मोजत होता, आणि आपण खुर्ची सरकल्याच्या आवाजावर खूश होतो. स्वतःची तिला इतकी शरम वाटली की तिने बोटीच्या कडेला धरलं. आता बोललो नाही तर पुढे कधीच बोलणार नाही, हे तिला कळलं.

"तुझे कान चांगले आहेत," ती म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, इंजिन सुरू होतं तरी. मास्तरला ते ऐकू गेलं, साहजिकच. "काही झालेलं नाही तुला. त्या दिवशीच रेघ सरळ आली होती. मी खोटं सांगितलं."

मास्तरने टॉवेल खाली घेतला. "आईने तेल पाठवलं."

"हो."

"बहीण रडली असणार. फोनवर नाक ओढत होती."

"हो."

पुढे तो काही बोलला नाही. धक्क्यापर्यंत बोलला नाही, मुक्कामाच्या खोलीत येऊन अंग धुतलं तरी बोलला नाही. पाव आणि अंडी आली, ती त्याने मुकाट खाल्ली. खुर्ची मात्र जागची हलली नाही. ती समोर बसून त्याच्या बोटांकडे पाहत राहिली, पाण्याने सुरकुतलेल्या. आपण त्याला सगळंच सांगितलेलं नाही, फक्त अर्धं सांगितलंय, आणि राहिलेलं अर्धं म्हणजे आपला राग आहे की भीती, तिला ठरवता येईना. चार वाजता दीपगृह पाहायला जायचं ठरलं होतं. ठरलेलं मोडायची मास्तरला सवय नव्हती, शाळेची शिस्त. तो उठून चपला घालून दारात उभा राहिला. तीही निघाली.

दीपगृहाला दोनशे चौदा लोखंडी पायऱ्या होत्या. मास्तर पुढे आणि ती मागे. वर गोल गच्ची, भोवती कमरेइतका कठडा, आणि वारा. तिथून खालचं कडं अख्खं दिसत होतं, पांढऱ्या लाटांची गोल किनार, आतलं पाणी फिकट, बाहेरचं गडद. अगदी फळ्यावरचं चित्र. मास्तरने त्याच्याकडे पाहतच विचारलं, "का?"

"सात वर्षांपूर्वी मी तुला एक विचारलं होतं," ती म्हणाली. वाऱ्यात शब्द सांडत होते, पण तिने आवाज वाढवला नाही. "तू उत्तर दिलं नाहीस. तुला ऐकूच आलं नसणार, असं मी धरून चालले. मग त्या दिवशी तुझे कान चांगले निघाले. चांगले निघाल्यावर मी काय करायचं होतं, तूच सांग."

मास्तरने कठडा दोन्ही हातांनी धरला. "पातेलं घासत होतीस," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. "म्हणजे ऐकलं होतंस."

"ऐकलं होतं. पुढची दहा मिनिटं मी एकच नदी लाल करत बसलो होतो. त्या पोराने बरोबर काढली होती ती."

"मग?"

"मग काय. तू परत म्हणशील म्हणून थांबलो." तो तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शिक्षकाला पोराने भलतंच सोपं गणित विचारावं तसा गोंधळ होता. "तू सगळं तीनदा म्हणतेस. दूध संपलं तर तीनदा, दार लाव तर तीनदा. पहिल्यांदा म्हणतेस तेव्हा मी नुसता तयार होतो. सवयच लागलीय मला. हे म्हणालीस आणि माझी छाती अशी धडधडायला लागली. म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणाली की हो म्हणायचं. हो तोंडात तयार होतं माझ्या. आणि तू नळ बंद केलास."

तिने पाठ कठड्याला टेकवली.

"मला वाटलं, चुकून निघालं असेल. मागे घेतलंस. बाळ गेल्यावर हॉस्पिटलातून तू कशी घरी आली होतीस ते मी पाहिलं होतं. मी कोण तुला परत म्हणायला लावणारा?"

वारा तिचे केस तोंडावर आणत होता आणि ती ते बाजूला करायचं विसरली. बावीस वर्षं ती कुणाच्याही एका बोटावर विसंबली नव्हती. अनोळखी माणसालाही तिने तोच आवाज दुसऱ्यांदा दिला होता, तिसऱ्यांदा दिला होता, मगच पेन उचललं होतं. आणि स्वतःच्या घरात, चार फुटांवर, एकदाच विचारून, एकदाच गप्प राहिलेल्या माणसापुढे तिने सात वर्षांची खूण करून टाकली होती. ती अडतीस वर्षांची होती तेव्हा. आता पंचेचाळीस. दोन वर्षांपूर्वी तिची पाळी थांबली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की जरा लवकरच आहे, पण होतं असं काहींचं. मास्तरलाही ते ठाऊक होतं. कॅल्शियमच्या गोळ्या तोच आणून देत होता.

"आता म्हण," मास्तर म्हणाला.

"आता काय उपयोग?"

"काही नाही. तरी म्हण."

तिला वाटलं शब्द सापडणार नाहीत, पण ते होते तसेच होते. "आपण परत एकदा बघूया का?" ती म्हणाली.

"हो," मास्तर म्हणाला, तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत. आणि ती कठड्याला धरून रडायला लागली, मोठ्याने, दोनशे चौदा पायऱ्या खाली दारात बसलेल्या रखवालदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.